आई व्हेंटिलेटरवर आहे, वही कुणासाठी लिहायची?

ताई, आई सहा दिवस गुंगीत आहे, सिस्टर म्हणाल्या रोज वहीत लिहा, आणि तुम्ही विचारताय की तिला आत्ता वाचताच येत नाही तर लिहायचं कुणासाठी. तिच्यासाठीच. ती घरी येऊन "मला काय झालं होतं गं?" असं विचारेल, तेव्हासाठी.

माझे बाबा न्यूमोनियाने सतरा दिवस व्हेंटिलेटरवर होते. घरी आल्यावर तीन आठवडे गप्प गप्प असायचे. मग एका संध्याकाळी म्हणाले, "मला गुऱ्हाळात बांधून ठेवलं होतं. तुम्ही कोणी सोडवायला आला नाहीत." आम्ही हसलो. हसायला नको होतं. गुंगीची औषधं, ताप, झोपेचं खोबरं, यातून भास होतात आणि ते खऱ्या आठवणींपेक्षा घट्ट बसतात. मी वहीतलं नवव्या दिवसाचं पान काढून दिलं: "रात्री तुम्ही नळी ओढायला गेलात, म्हणून सिस्टरनी मनगटं कॉटला बांधली. मी पाच वाजता आले. त्यांनी एक हात सोडला, तो मी भेटीची वेळ संपेपर्यंत धरून बसले होते." बाबांनी ते दोनदा वाचलं, मनगट चोळलं. मग विचारलं, "आणि ते इंजिन?" व्हेंटिलेटरचा आवाज असणार तो.

म्हणून काय झालं याबरोबर का झालं तेही लिहा, साध्या शब्दांत, "आई, आज..." असं तिच्याशी बोलत. कोण आलं, बाहेरच्या खुर्च्यांवर कोण झोपलं, गल्लीत काय चाललंय. मॉनिटरचे आकडे उतरवू नका, ते फाइलमध्ये असतातच. बिलाचे तर मुळीच नकोत. मी लिहिले होते. बाबांनी पहिल्याच दिवशी बेरीज केली!

ही पद्धत स्कँडिनेव्हियातल्या नर्सेसनी रुजवली. तिकडे नर्सही लिहितात, फोटोही लावतात. आपल्याकडे फोटोआधी इन्चार्ज सिस्टरना विचारा, शेजारचा पेशंट फ्रेममध्ये येता कामा नये. वही कॉटजवळ नेऊ नका, संसर्गाचा प्रश्न असतो.

उपयोग किती, यावर दोन्ही बाजू सांगते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या, सहा युरोपीय देशांतल्या ३५२ रुग्णांच्या अभ्यासात, डायरी मिळालेल्यांपैकी सुमारे ५ टक्क्यांना आघातानंतरचा मानसिक त्रास नव्याने सुरू झाला, न मिळालेल्यांत १३ टक्क्यांना. पण २०१९ च्या फ्रान्समधल्या मोठ्या चाचणीत, ३५ आयसीयूंमध्ये, असा ठळक फरक दिसला नाही. तेव्हा वही म्हणजे औषध नव्हे. आईला घरी आल्यावरही दचकून जाग येत राहिली तर डॉक्टरांना सांगायचंच.

शिवाय वही स्वतःहून हातात कोंबू नका. आमच्या मामींनी त्यांच्या आजारपणातली वही अजून उघडलेली नाही. कपाटात आहे, असू दे. आईने मागितली तर शेजारी बसून द्या, एकटीला वाचायला सोडू नका.

आणि ताई, काही उलटं झालंच तर ती वही तुमच्याजवळ राहते. एवढंच म्हणते, जास्त बोलत नाही.

मागचे पाच दिवस आठवतील तसे आज रात्रीच लिहून काढा, ॲम्ब्युलन्समध्ये तिच्याजवळ कोण बसलं होतं तिथपासून. आठवड्याने तुम्हालाही आठवणार नाही.