स्पॅनिश साहित्य वाचू लागलेल्या विद्यार्थिनीस

प्रिय विद्यार्थिनी,
अनेक आशीर्वाद.

तू तयार केलेला स्पॅनिश साहित्याच्या कालखंडांचा तक्ता पाहिला. मध्ययुगापासून वास्तववादापर्यंतचे रकाने आणि प्रत्येकापुढे चार-चार नावे, अशी त्याची मांडणी परीक्षेपुरती उत्तम आहे. मात्र त्या रकान्यांवर फार विसंबू नकोस. ही नावे मुख्यतः इटली, फ्रान्स आणि जर्मनीच्या साहित्यावरून ठरलेली आहेत. स्पेनमध्ये नवे आले म्हणून जुने निघून गेले, असे फारसे घडलेले नाही. म्हणून तू एक काव्यप्रकार धर आणि तो शतकाशतकांतून कसा चालत आला ते पाहा. माझ्या मते तो प्रकार ‘रोमान्से’ हा असावा.

रोमान्से म्हणजे आठ अक्षरी ओळींचे कथागीत. त्यात सम ओळींच्या शेवटी केवळ स्वर जुळतात आणि विषम ओळी मोकळ्या असतात. सिद या मध्ययुगीन स्पॅनिश वीराच्या काव्यासारखी वीरकाव्ये मागे पडू लागली तेव्हा त्यांतले लोकप्रिय प्रसंग सुटे गायले जाऊ लागले आणि लांब ओळ मधल्या यतीवर मोडून तिच्या दोन झाल्या, असे बहुतेक अभ्यासक मानतात. प्रसंग असा सुटा झाल्यामुळे मागचेपुढचे सांगण्याची गरजच उरली नाही. काउंट आर्नाल्दोसची रोमान्से घे. सेंट जॉनच्या सणाच्या सकाळी, हातावर ससाणा घेऊन शिकारीला निघालेल्या काउंटला किनाऱ्याकडे येणारे एक गलबत दिसते. त्याची शिडे रेशमाची आहेत आणि नावाडी असे गाणे गातो आहे की समुद्र शांत होतो, तळाचे मासे वर येतात, उडते पक्षी डोलकाठीवर येऊन बसतात. काउंट ते गाणे मागतो. नावाडी म्हणतो, जो माझ्याबरोबर येईल त्यालाच मी ते सांगतो. छापील रूप इथेच थांबते. मोरोक्कोतल्या ज्यूंकडे, म्हणजे १४९२ मध्ये स्पेनमधून हाकलल्या गेलेल्यांच्या वंशजांकडे, हीच कथा पुढे चालू राहिलेली सापडली. तरी वाचकांनी पसंत केली ती तुटलेलीच, आणि मलाही तीच अधिक चांगली वाटते.

आता तुझा तक्ता पुन्हा पाहा. १५४३ मध्ये बोस्कान आणि गार्सिलासो या कवींच्या कविता छापल्या गेल्या, इटलीची अकरा अक्षरी ओळ स्पॅनिशमध्ये रुजली आणि प्रबोधनाचा रकाना सुरू झाला. पण त्यानंतर पाच-सात वर्षांच्या आतच अँटवर्पचा मुद्रक मार्तिन नुसियो जुन्या रोमान्सेंचा संग्रह छापत होता. प्रबोधनानंतरच्या बरोक काळात लोपे दे वेगा आणि गोंगोरा हे कवी एकमेकांना पाण्यात पाहत. तरी नव्या रोमान्से दोघांनीही लिहिल्या. सर्वांतेसच्या ‘दोन किखोते’ (डॉन क्विक्झोट) या कादंबरीच्या १६१५ मधील दुसऱ्या भागात गायफेरोस या वीराच्या रोमान्सेवरचा बाहुल्यांचा खेळ पाहताना नायक तलवार उपसून बाहुल्यांवरच तुटून पडतो आणि नंतर मोडलेल्या एकेका बाहुलीची भरपाई करतो. या प्रसंगातली गंमत कळायला वाचकाला गाणे पाठ असावे लागते, आणि ते पाठ असणार हे सर्वांतेसने गृहीतच धरले आहे. अठराव्या शतकावर मात्र या प्रवासात फार वेळ घालवू नकोस.

पुढचा टप्पा मोठा गमतीचा आहे. जर्मन लेखक हेर्डरने सिदच्या रोमान्से जर्मनमध्ये आणल्या, १८१५ मध्ये याकोब ग्रिमने व्हिएन्नात जुन्या रोमान्सेंचा संग्रह काढला आणि इंग्रज कवी बायरनने ग्रानादाजवळच्या आल्हामा या मूरांच्या गावाच्या पाडावाचे गीत इंग्रजीत उतरवले. उत्तरेकडच्या स्वच्छंदतावाद्यांना स्पेन म्हणजे आपल्याच कल्पनेतला देश वाटला. खुद्द स्पेनमध्ये स्वच्छंदतावाद जोम धरू लागला तो १८३३ मध्ये राजा सातवा फर्नांदो वारल्यावर परतलेल्या निर्वासितांबरोबर. आपल्याच गाण्यांची कीर्ती परदेशातून फिरून घरी आली, असे म्हणायला हरकत नाही.

दरम्यान खेड्यांत ती गाणी चालूच होती. १९०० मध्ये रामोन मेनेंदेस पिदाल आणि मारिया गोयरी हे नवविवाहित अभ्यासक सिदच्या हद्दपारीच्या वाटेने फिरत असताना, ओस्मा इथे एका धोबिणीने त्यांना एक रोमान्से ऐकवली. ती १४९७ मध्ये वारलेल्या युवराज हुआनच्या मृत्यूची आहे, हे गोयरींच्या ध्यानात आले. मग कवी माचादोने १९१२ मध्ये जमिनीसाठी बापाचा खून करणाऱ्या मुलांची दीर्घ कथा याच छंदात लिहिली आणि १९२८ मध्ये कवी लोर्काचा जिप्सी रोमान्सेंचा संग्रह आला. त्यातली निद्राभ्रमणाची कविता समजत नाही अशी तक्रार तू केली होतीस. ती आर्नाल्दोसच्या शेजारी ठेवून वाच; खुलासा न करण्याची ती रीत लोर्काला वारशानेच मिळालेली होती.

या वाटेने सगळेच हाती लागेल असे नाही. स्पॅनिश गद्याची एक वाट अरबीतून येते. १२५१ च्या सुमारास पंचतंत्राच्या अरबी अवतारावरून ‘कालिला ए दिम्ना’ कास्तिलियनमध्ये, म्हणजे स्पॅनिशमध्ये आले. आपले करटक आणि दमनक तिथे भेटतील. कादंबरीसाठी १५५४ च्या ‘लासारियो’पासून निराळी सुरुवात करावी लागेल आणि ती आपण पुढच्या सत्रात करू.

तूर्त आर्नाल्दोस, माचादो, लोर्का याच क्रमाने मूळ भाषेत मोठ्याने वाच आणि अक्षरे बोटांवर मोज. एका शब्दाचा शेवटचा आणि पुढच्याचा पहिला स्वर बहुधा मिळून एकच अक्षर होते, तर ओळीच्या शेवटच्या अक्षरावर आघात असेल तर एक जास्त धरायचे. गोंगोराच्या ‘सोलेदादेस’ या अवघड दीर्घकाव्याला एवढ्यात हात लावू नकोस.

तुझे शिक्षक