जबड्याच्या साध्या गाठीच्या रिपोर्टमध्ये 'लिम्फोसाइट्स दिसतात' लिहिलंय, म्हणजे शरीर गाठीशी लढतंय का?

दादा, तुमच्या आईच्या बायोप्सीत अमेलोब्लास्टोमा (दात घडवणाऱ्या पेशींपासून होणारी जबड्याची गाठ) आलाय, कॅन्सर नाही, पण खाली लिम्फोसाइट्स, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी, दिसल्याचं लिहिलंय, म्हणून तुम्ही विचारताय की प्रतिकारशक्ती कामाला लागलीच आहे तर काढे, इम्युनिटीच्या गोळ्या देऊन ऑपरेशन टळेल का. नाही टळणार. हे आधी सांगतो, बाकीचं सावकाश वाचा.

मी इथं कोल्हापुरात राजारामपुरीत लॅबमध्ये स्लाइडी बघतो. या गाठीची स्लाइड लावली की पेशींची बेटं दिसतात, कडेनं उंच पेशी ओळीत उभ्या, त्यांचं केंद्रक आतल्या बाजूला सरकलेलं, मधे विरळ जाळी. लिम्फोसाइट म्हणजे बारीक गोल गडद निळे ठिपके, आणि ते जास्त करून बेटांच्या आत नाही तर भोवतीच्या तंतूंमध्ये असतात. आता ते तिथं कशाला आले हे नुसत्या ठिपक्यावरून कळत नाही. हलती दाढ काढली असेल, जखम चिघळली असेल, गाठीतल्या पोकळीत इन्फेक्शन झालं असेल तरी ते येतातच, म्हणून आईची दाढ अलीकडे काढली होती का ते डॉक्टरांना नक्की सांगा.

बरं, गाठीसाठीच आले असं धरलं तरी सगळे मारायलाच येतात असं नाही. लिम्फोसाइट्समधल्या सीडी८ टी पेशी मारणाऱ्या असतात, पण लिम्फोसाइट्समध्येच रेग्युलेटरी टी पेशीही असतात ज्या त्यांना आवरतात, काही मॅक्रोफेज (गिळून टाकणाऱ्या प्रतिकारपेशी) तर गाठीलाच वाढायला मदत करतात, आणि अमेलोब्लास्टोमाच्या काही पेशींवर पीडी-एल१ नावाचं प्रथिन सापडलंय जे टी पेशींना थंड करतं. आणि हाड पोखरणं बघा, ते गाठ स्वतः करत नाही. गाठीतून आणि भोवतालच्या पेशींतून रँकल नावाच्या प्रथिनाचा सिग्नल जातो आणि मोनोसाइटच्या (मॅक्रोफेज ज्यांच्यापासून बनतात त्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींच्या) घराण्यातल्याच पेशी ऑस्टिओक्लास्ट होऊन हाड खातात. म्हणजे मॅक्रोफेजचेच भाऊबंद आईचा जबडा पोकळ करतायत. मग नुसती 'इम्युनिटी वाढवून' नेमकं काय वाढवणार? हळदीचं दूध प्यायला द्या, काही वाईट नाही, पण त्यावर महिने घालवू नका, ही गाठ दुखत नाही म्हणून लोक थांबतात आणि तोवर हाड पातळ होऊन जातं, हे बघून खरंच जीव तुटतो.

गोळ्यांचं म्हणाल तर २०१४ साली या गाठीत बीआरएएफ जीनमधला बदल सापडला, खालच्या जबड्यातल्या गाठीत तो जास्त असतो, आणि त्यावरच्या औषधांनी काही पेशंटची गाठ लहान झाल्याची नोंद आहे. पण तो प्रतिकारशक्तीचा इलाज नव्हे, आणि ऑपरेशन शक्य असेल तिथं ऑपरेशनच.

नुसती खरवडून काढली तर परत येण्याची शक्यता खूप, कारण पेशी एक्सरेत दिसणाऱ्या कडेच्या पुढं हाडात शिरलेल्या असतात, म्हणून सर्जन साधारण १ ते २ सेंमी चांगलं हाडही घेतात. ऐकायला भीती वाटते, पण जबडा पुन्हा बांधता येतो. नंतर वर्षानुवर्षं तपासणी मात्र चुकवायची नाही, १० वर्षांनीही परत आलेल्या केसेस आहेत. सीपीआरला (इथल्या सरकारी दवाखान्यात) दाखवा नाहीतर खासगीत, पण मॅक्सिलोफेशियल (जबडा-चेहऱ्याच्या) सर्जनला दाखवा, सीटी काढा, लॅबमधून स्लाइड आणि ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) दोन्ही मागून घ्या.

आणि रिपोर्टमध्ये कुठं 'युनिसिस्टिक' (एकाच पोकळीची गाठ) लिहिलंय का बघून सांगा, त्यात कधीकधी कमी कापूनही भागतं.