वेणी कोण घालतं?

"मावशी, मी 20 वर्षांची, खो-खो खेळते. आठ महिन्यांपूर्वी खांबाजवळ सूर मारताना उजवा हात कोपराच्या जरा वर मोडला. ऑपरेशन करून दोन प्लेट्स बसवल्यात. हाड जुळलंय म्हणतात, पण कोपर 110 अंशांच्या पुढे वाकत नाही आणि पूर्ण सरळही होत नाही. फिजिओथेरपी दीड महिना केली, मग परीक्षा आली आणि राहिलीच. सर म्हणतात, आता पंचाची परीक्षा दे. आत्या मालिशवाल्याकडे नेते. डिसेंबरात जिल्ह्याची निवड चाचणी आहे. ताकद यायला कुठली पावडर घेऊ? आई खूप करते माझं, वेणीसुद्धा अजून तीच घालते. पण मी आतून खचलेय. – सूर हरवलेली, कराड"

अगं पोरी,

तुझं पत्र मोठं होतं, इथे कापून छापलंय. सरांवर दीड पान, पावडरवर अर्धं पान, आणि वेणीवर एक अर्धी ओळ. मी मात्र त्या अर्ध्या ओळीवरच अडले. आठ महिने झाले! हाड जुळलं, टाके निघाले, परीक्षाही झाली, आणि वीस वर्षांची खेळाडू मुलगी रोज सकाळी पाटावर बसून आईकडून वेणी घालून घेते.

आईचं कौतुक मी करणार नाही. तू ते भरपूर केलं आहेस. पहिले दोन महिने तिने केलं ते करायलाच हवं होतं. त्यानंतरची प्रत्येक वेणी तिने तुझ्या कोपराच्या तोंडचा घास काढून घातली आहे. आणि तूही काही बिचारी नाहीस. पूर्वी साडेपाचला मैदानावर पळणारी मुलगी आता सकाळी पंधरा मिनिटं हाताशी बसते, हे आईला आवडतंय. तुलाही आवडतंय. म्हणून कुणीच उठत नाही.

कोपर कशाने सुटतं ते सांगते. 1981 साली अमेरिकेतल्या काही संशोधकांनी 33 धडधाकट माणसांकडून रोजची 15 कामं करून घेतली आणि कोपर किती वाकतं ते मोजलं (हात सरळ असला की शून्य अंश). बहुतेक कामं 30 ते 130 अंशांच्या आत झाली. तू 110 वर थांबली आहेस. म्हणजे तू जेवताना हात तोंडाशी नेत नसशील, मान खाली घालून तोंड घासाशी नेत असशील. बघ आज आरशासमोर बसून. डोक्याच्या मागे हात न्यायचा तर कोपराला पार दुमडावं लागतं. आणि तेच एक काम घरात रोज ठरलेल्या वेळी होतं, फुकट होतं, आणि ते दुसरंच कुणी करतंय.

मला हे शहाणपण उपजत आलेलं नाही. बावन्नाव्या वर्षी पायरीवरून घसरून माझं मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावरही चार महिने मी फडकं पिळलं नाही, कारण नवरा पिळत होता आणि मला ते बरं वाटत होतं. तो आठ दिवस गावाला गेला. त्या आठ दिवसांत ओट्यावरचं फडकं पिळून पिळून मनगट जेवढं फिरायला लागलं, तेवढं रबरी चेंडू दाबून फिरलं नव्हतं.

तर उद्यापासून वेणी तू घालायचीस. एवढंच माझं म्हणणं आहे.

पहिल्या दिवशी मागे हात पोचणार नाही, माहीत आहे मला. केस खांद्यावरून पुढे घे आणि पुढेच वेणी घाल. आठवड्याने गाठ कानाखाली सरकव, मग मानेवर. ताण बसेल, तो बसू दे. पण दुसऱ्या दिवशी कोपर सुजलं किंवा रात्रभर ठणकलं, तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समज. करंगळीला मुंग्या येत असतील तर ते मनात ठेवू नकोस, सर्जनना सांग. त्यांच्याकडे या आठवड्यात जायचंच आहे, नवा एक्सरे काढायला. आणि तिथूनच थेट फिजिओथेरपीच्या दारात. परीक्षा संपून किती महिने झाले?

आत्याच्या मालिशवाल्याला मात्र हातसुद्धा लावू देऊ नकोस. मोडलेल्या कोपराला कुणी जोराने रगडलं, हिसके दिले, तर आसपासच्या स्नायूत भलतंच हाड धरायचा धोका असतो. मग मी काय आणि फिजिओ काय, कुणाचंच चालत नाही. आत्या रुसली तर रुसू दे.

पावडर नको. दोन वेळा उसळ आणि अंडी खा, पावडरच्या डब्याचे पैसे फिजिओला दे.

डिसेंबर? मला नाही वाटत. तुझ्या खेळात चौकातून उठतानाच दोन्ही तळव्यांवर भार येतो, सूर तर पुढची गोष्ट. भिंतीवरचे जोर, मग ओट्यावरचे, मग जमिनीवरचे, मग गादीवर गुडघ्यांवरून सूर, आणि उजवा हात ताकदीत डाव्याच्या जवळपास आल्यावर, सर्जनने हो म्हटल्यावरच मैदान. डिसेंबरपर्यंत हे बसत नाही. सर तुला पंच करायला निघालेत, त्यांना सांग, पुढच्या चाचणीला भेटू. शिट्टी काय, चाळिशीतही वाजवता येईल.

आईशी बोलणं तुला जड जातंय. तू खो-खोवाली आहेस म्हणून तुझ्याच भाषेत सांगते. चौकात बसलेला गडी स्वतःहून उठत नाही, मागून पाठीला हात लागून खो आला की उठतो. आई आठ महिने रोज तुझ्या पाठीमागे बसते, तिचा हात तुझ्या पाठीवर असतो, आणि ती खो देत नाही. तिला देता येणार नाही. मी देते. खो!

उद्या सकाळी कंगवा तिच्या हातातून घे. ती म्हणेल, "अगं, वाकडी येतेय, दे इकडे." द्यायचा नाही. तिला समोर बसवून चहा पाज हवं तर. आणि मला फोटो पाठव, पाठमोरा, मागे घातलेल्या वेणीचा. महिना लागला तरी चालेल, वाकडी असली तरी चालेल.

– मावशी