मुलांना शब्दकोश दाखवताय? आधी एवढंच करा

ताई, रोजच्या शब्दांत दडलेले पूर्वग्रह मुलांनी शोधावेत म्हणून दादरला त्यांचा गट सुरू करताय, फार बरं वाटलं. पहिल्या महिन्यात एकच गोष्ट मुलांच्या मनात ठसू द्या: शब्दकोश माणसं लिहितात. लोक शब्द कसा वापरतात हे ती टिपून ठेवतात. दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' १९३२ पासून छापला गेला. त्यात आजचा 'मोबाइल' कुठून असणार?

सुरुवातीला एवढं पुरे:

- एका दिवशी एकच शब्द.
- अर्थ आधी मुलांनी स्वतः लिहायचा, कोश नंतर उघडायचा.
- शक्यतो एक जुना आणि एक नवा कोश शेजारी ठेवायचा.

शब्द रोजच्या वापरातला घ्या. मी 'कचरेवाला' घेतला होता. चौथीतली एक मुलगी वहीत बघत हळूच म्हणाली, "कचरा आपण करतो. मग कचरेवाले आपणच ना?" वर्ग गप्प झाला. मग मुलांनीच 'सफाई कामगार' सुचवलं. 'बायकी' आणि 'मर्दानी'ही असेच शेजारी ठेवून बघा, एक टोमणा का आणि दुसरी शाबासकी का, हे मुलं बरोबर पकडतात.

नवीन माणूस हमखास चुकतो ते वाईट शब्दांची यादी भिंतीवर लावून. मुलं ती पाठ करतात, विचार थांबतो. आणि "आजी असं म्हणते" असं कुणी सांगितलं, तर आजीला चूक ठरवू नका. "हा शब्द ज्याच्याबद्दल आहे, त्याला ऐकून काय वाटेल?" एवढंच विचारा.

व्याकरणातल्या लिंगाचा विषय दिवाळीनंतर काढा.