ॲप्लिक करताना वळणावर टाके विस्कटतात, काय चुकतंय?

बाळाच्या दुपट्यावर कोयरीचं ॲप्लिक (कापडाचा आकार कापून वरून शिवणं) करताय, मशीन झिगझॅगचं आहे, तरी कापड गोळा होतं, वळणावर टाके फाकतात आणि बॉबिनचा (खालच्या रिळाचा) पांढरा दोरा वर डोकावतो, असं तुम्ही लिहिलंय. माझंही पहिल्या दुपट्याला अगदी हेच झालं होतं.

आधी दुपट्याखाली कागद घाला. दाट झिगझॅग मऊ सुती कापडाला आवळतो, म्हणून ते गोळा होतं. मी बटर पेपर घालते आणि शिवून झालं की अलगद फाडून काढते. एकदा आळसाने वर्तमानपत्र घातलं, तर मलमलला शाई लागली.

पांढरा दोरा दिसतो तो वरच्या दोऱ्याचं टेन्शन, म्हणजे ताण, घट्ट असल्यामुळे. एखाद-दोन आकडे कमी करा. टाक्याची रुंदी ३ मिमी, लांबी ०.४ मिमीच्या आसपास ठेवा आणि चिंधीवर चालवून बघा. कापड आपणहून सरकलं पाहिजे. अडलं तर लांबी किंचित वाढवा.

आता वळण. कापड फिरवताना सुई कुठे रुतलेली आहे, सगळी गोम तिथे आहे. झिगझॅगचा एक टाका कोयरीवर पडतो, दुसरा कडेला लागून दुपट्यात. कोयरीच्या फुगीर पोटाशी सुई दुपट्यात असताना थांबा, फूट (कापड दाबून धरणारा पाय) उचला, कापड जरासं फिरवा, पुन्हा तीन-चार टाके. मानेच्या आतल्या बाकावर नेमकं उलट, सुई कोयरीत हवी. इथे चुकलं की टाक्यांत पाचरीएवढी फट पडते. टोकाकडे जाताना रुंदी हळूहळू १ मिमीवर आणा, टोकात सुई ठेवून वळा, मग परत वाढवा. सुरुवात पोटापासून करा, टोकापासून नको. शेवटी रिव्हर्स मारू नका, तिथे गाठोडं होतं. दोरे उलट्या बाजूला ओढून हाताने गाठ मारा.

कागद लावलेलं फ्यूजिंग (इस्त्रीने कापड चिकटवायचा थर) वापरणार असाल तर कागदावर चित्र उलटं काढा. माझ्या चारही कोयऱ्या एकमेकींकडे पाठ करून बसल्या होत्या, रुसल्यासारख्या!

कडेला लेस नको, बाळाला टोचते. उरेब (तिरकी कापलेली) पट्टीच लावा. ४ सेंमी रुंद कापली की चौपदरी दुमडून १ सेंमीची कड मिळते. दुपट्याचे कोपरे गोल कापा, पट्टी छान वळते. आणि कोयरीचं कापड नवं, गडद लाल असेल तर आधी धुऊन रंग जातो का ते बघा.