गांधारीचे मनोगत आणि नाट्यहक्क

गांधारीच्या अंतर्मनातून महाभारत सांगणाऱ्या आपल्या कादंबरीवर एक संस्था एकपात्री प्रयोग करू इच्छिते आणि प्रकाशक ‘सर्व हक्क आमचे’ म्हणत मानधनात निम्मा वाटा मागतात, असे आपण कळवले आहे. अशी पत्रे नेहमी येतात. पात्र तेवढे बदलते, कधी कर्ण, कधी ऊर्मिला. सोबत कराराचे पहिले आणि सहीचे पान असते, मधली पाने नसतात. आपणही तेच केले आहे, आणि निकाल नेमका त्या मधल्या पानांवर अवलंबून आहे.

कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९(४) नुसार, हस्तांतरित झालेला हक्क तो घेणाऱ्याने (इथे प्रकाशकांनी) हस्तांतराच्या तारखेपासून एक वर्षात वापरला नाही, तर त्या हक्कापुरते हस्तांतर संपुष्टात आल्याचे मानले जाते. मात्र करारात वेगळे काही नमूद नसावे. आपला करार मार्च २०२२ चा आहे. प्रकाशकांनी त्याच वर्षी पुस्तक छापले, म्हणजे मुद्रणाचा हक्क वापरला. नाटकाच्या दिशेने त्यांनी एक पत्रही लिहिले नसेल, तर नाट्यहक्क मार्च २०२३ नंतर आपल्याकडे परत आला, असे ठामपणे मांडता येते. परंतु अनेक छापील करारांत ‘कलम १९(४) च्या तरतुदी लागू होणार नाहीत’ अशी एक ओळ असते आणि ती न वाचताच लेखक सही करून मोकळे होतात. ती ओळ असेल, तर आधी हस्तांतराची मुदत पाहावी लागेल. मुदत लिहिलेली नसल्यास कायदा ती पाच वर्षे धरतो, म्हणजे मार्च २०२७ पर्यंत थांबणे आले. ‘सर्व हक्क’ या मोघम शब्दांत नाट्यहक्क येतो का, हे संपूर्ण करार वाचल्याशिवाय सांगणे धाडसाचे ठरेल.

दुसऱ्या लेखिकेनेही गांधारीच निवडली, ही आपली तक्रार टिकणार नाही. कल्पना, कथाविषय किंवा पुराणकथा यांवर कोणाचीही मालकी नसते, हे सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद खटल्यात १९७८ मध्येच स्पष्ट केले आहे. पट्टीखालून गेलेल्या गांधारीच्या नजरेने युधिष्ठिराची नखे विद्रूप झाली, हा स्त्रीपर्वातला प्रसंग सर्वांचा आहे. त्या क्षणी तिच्या मनात आपण घातलेली वाक्ये आणि त्यांची मांडणी तेवढी आपली. ती वाक्ये जशीच्या तशी उचललेली आढळली, तर दोन्ही पुस्तकांतील उतारे समोरासमोर ठेवून पाठवावेत. राहिली कादंबरीवरून धार्मिक भावना दुखावल्याचा गुन्हा दाखल होण्याची भीती. त्या गुन्ह्यासाठी हेतुपुरस्सर आणि द्वेषमूलक कृती सिद्ध व्हावी लागते, त्यामुळे आज ती भीती फारशी वाटत नाही. अर्थात तक्रार करण्यापासून कोणालाही रोखता येत नाही.

न्यायालयाची पायरी सध्या टाळावी. तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल, तर वाणिज्यिक दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे, आणि त्यानंतरच्या तारखांचा हिशेब कोणी देऊ शकत नाही. तोवर नाट्यसंस्था दुसरी संहिता शोधेल. आपल्याकडे कराराची पूर्ण प्रत नसल्यास ती प्रकाशकांकडून लेखी मागवावी. कलम १९(४) वगळणारी ओळ त्यात नसेल, तर नाट्यहक्क परत आल्याची नोटीस वकिलामार्फत पोचपावतीसह पाठवावी आणि उत्तरासाठी पंधरा दिवस द्यावेत. तोपर्यंत नाट्यसंस्थेकडून आगाऊ रक्कम घेऊ नये, आणि तिच्या करारावर सही तर मुळीच करू नये.