क्रोशाचा टेबल रनर विणेन तसा निमुळता होतोय. उसवू की तसाच पुढं नेऊ? आणि दोरा किती लागेल?

उसवा. आजच. तुम्ही लिहिलंय की वीस ओळी झाल्यात आणि घरातले म्हणतायत धुवून ताणला की सरळ होईल, ते वाचलं आणि राहवलं नाही.

२०११ ला नणंदेच्या रुखवतासाठी मी असाच रनर विणायला घेतला होता. घर कोल्हापुरात मंगळवार पेठेत, एकत्र कुटुंब, दुपारची भांडी आवरली की जिन्यात उजेडाला बसून विणायचं. क्रीम दोरा महाद्वार रोडवरनं आणलेला, ९१ खांब (सुईवर एक वेढा घेऊन घातलेले उंच टाके) रुंदी, कडेला साधे खांब आणि मधे जाळीतला मोर. वीतभर झाल्यावर मोराचा पिसारा कडेकडे सरकायला लागला. मोजले तर ८४! थोरल्या जाऊबाईंना दाखवलं, विणकामात सगळी गल्ली त्यांना विचारायची, तर त्यांनी चष्मा पण लावला नाही. "उसवतीस कशाला गं, खळ घालून ताणला की बसतंय." मी नवी सून, काय बोलणार, विणत राहिले.

रुखवतात मांडला तेव्हा एक टोक १४ इंच आणि दुसरं ११. मुलाकडच्या एका काकूंनी उचलून विचारलं, हे काय, पायमोजा का? आणि जाऊबाई शेजारीच उभ्या, म्हणतात, "हात नवीन आहे हो तिचा."

हात नवीन नव्हता, मोजणी चुकत होती. ओळीच्या सुरुवातीला आपण ३ साखळ्या घालतो तो पहिला खांब धरायचा, म्हणजे परत येताना शेवटचा खांब मागच्या ओळीच्या त्या ३ साखळ्यांच्या डोक्यात घालायला पाहिजे. ते टोक वाकून लपतं, दिसत नाही, सुटलं की एक खांब गेला. उलट त्या साखळ्यांच्या बुडातच अजून एक खांब घातला की रनर रुंद होत जातो. पहिल्या आणि शेवटच्या खांबाला रंगीत दोऱ्याची गाठ मारा आणि दर ओळीला मोजा, कंटाळा आला तरी. आणि बाहेरचा पॅटर्न बघून करत असाल तर तो अमेरिकन आहे का ब्रिटिश ते आधी बघा, अमेरिकेतला डबल क्रोशे म्हणजे आपला खांब, ब्रिटिशांचा डबल क्रोशे म्हणजे मुका खांब, वेढा न घेता घातलेला बुटका टाका, सगळी उंचीच बदलते.

दोरा किती ते सुई, नक्षी आणि तुमचा हात सैल का घट्ट यावर आहे. वीतभर विणून वजन करा आणि त्यावरून हिशोब लावा, पण सगळा एकदम आणि एकाच लॉटचा, म्हणजे एकाच वेळी रंगवलेला घ्या, नंतर आणलेली क्रीम हमखास वेगळी दिसते.

खळीला माझा विरोध नाही हां. ओल्यावर टाचण्या मारून ताणला तर इकडंतिकडं अर्धा इंच बसतोही, फक्त गेलेले खांब परत येत नाहीत. आणि खळ घालून पेटीत ठेवू नका, आपल्या कोल्हापूरच्या पावसात माझ्यावर काळे ठिपके आले होते, रनरवर म्हणजे.

मागच्या महिन्यात जाऊबाईंची सून रनर घेऊन आली, निमुळता. जाऊबाई तिथंच टीव्ही बघत बसल्या होत्या. मी म्हटलं, मोज बाई, मोठ्यानं मोज.